मीटर नसलेला कप्पा

पॅनेलच्या ड्रॉइंगवर एखाद्या कप्प्यात 'स्पेअर' लिहिलेलं दिसलं की मी आधी त्या कप्प्यातल्या स्विचचा आकार बघते. छोटा असेल तर पुढे जाते. मोठा असेल तर ड्रॉइंग पाठवणाऱ्याला फोन लावते आणि विचारते, रिकाम्या ठेवायच्या जागेला एवढा मोठा स्विच कशाला? समोरचा माणूस बहुतेक वेळा हसतो. साळवे मॅडम फार संशयी आहेत असं माझ्याबद्दल अंबडपासून सिन्नरपर्यंत बोलतात, ते मला ठाऊक आहे. माझी काही तक्रार नाही. हा स्वभाव मी जन्माला येताना आणला नव्हता. डिप्लोमा संपवून दादांच्या शेडमध्ये बसायला लागले त्या वर्षी तो मला घरातच मिळाला.

दादा म्हणजे माझे वडील. सातपूरच्या कॉलनीत पुढे आमचं घर आणि मागे पत्र्याची शेड. कारखान्यातली वायरमनची नोकरी सोडून दादांनी तिथे स्विचबोर्ड बनवायला सुरुवात केली होती. आमच्या धंद्यात त्याला पॅनेल म्हणतात. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं एकाला एक जोडलेली, आत तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येक कप्प्यात एक स्विच आणि कप्प्याच्या दारावर त्याचं मीटर. सकाळी आईच्या तव्यावर पहिली भाकरी पडायची तेव्हाच मागे तांब्याच्या पट्टीला भोकं पाडणारा पंच सुरू व्हायचा. त्याच्या प्रत्येक दणक्याला भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर जराशी हलायची, आणि आठवड्यातून एकदा आई ती सरळ करायची. स्वयंपाकघरात सुकटीचा वास, मागच्या दारातून कापलेल्या लोखंडाचा आणि नव्या रंगाचा. पाहुणे आले की नाकाला पदर लावायचे. आम्हाला ते दोन्ही वास एकत्र आले नाहीत तर घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटायचं.

आईचा धाकटा भाऊ, सुदाममामा, आमच्याकडेच राहायचा आणि दादांच्या हाताखाली काम करायचा. मूळ चांदवडचा. आधी तो एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता, आणि तिथून त्याला तांब्याचे तुकडे बाहेर नेल्याच्या संशयावरून काढलं होतं. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. मामा म्हणायचा, "मी नेले असते तर सायकल का चालवली असती?" आणि दादा म्हणायचे, "सायकलवरच नेतात." हे दोघं हसत हसत बोलायचे, पण तुकड्यांच्या डब्याचं झाकण दादा रोज संध्याकाळी स्वतः लावायचे. मामा ते बघायचा आणि हात धुवायला निघून जायचा. आई पानं वाढताना भावाकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीनं बघायची. माझ्या लहानपणी जेवताना शांतता असली की ती अशी असायची.

त्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहाचं काम आम्ही केलं होतं. द्राक्षांची शीतगृहं तेव्हा महामार्गाला लागून एकामागून एक उभी राहत होती. हे भाऊशेठ नावाच्या माणसाचं होतं. आत ओळीनं थंड खोल्या, प्रत्येक खोली वेगवेगळ्या व्यापाऱ्यानं भाड्यानं घेतलेली, आणि प्रत्येक खोलीला आमच्या पॅनेलवर स्वतंत्र मीटर. वीजमंडळाचं मोठं मीटर बाहेर. मंडळाचं बिल यायचं आणि ते आतल्या मीटरांप्रमाणे व्यापाऱ्यांत वाटलं जायचं. आतल्या सगळ्या मीटरांची बेरीज बाहेरच्या मीटरच्या जवळपास यायला हवी. थोडी कमी येतेच, पण इथे ती बरीच कमी येत होती. राहिलेला भार भाऊशेठ सगळ्यांवर सारखा टाकायचे.

मग व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली. कुणाच्या तरी खोलीचं मीटर हळू चालतंय आणि त्याची वीज आपण भरतोय, असं प्रत्येकाला वाटायचं. मीटर आपोआप हळू होत नाही, ते कुणीतरी करावं लागतं. आणि करणारा कोण, तर पॅनेलला हात लावणारा. पॅनेलला हात लावायला सातपूरहून कोण येतं, तर सुदाम.

मामा खरंच तिकडे जात होता. दोन-तीन वेळा तर घरी न सांगता. विचारलं तर म्हणायचा, "सर्व्हिसला." कसली सर्व्हिस, नव्या पॅनेलला? आणि येताना त्याच्या हातात द्राक्षांची पेटी. निर्यातीची, कागदात गुंडाळलेली, आमच्या घरात कधी न आलेली द्राक्षं. आईनं ती धुऊन ताटात मांडली आणि कुणीच पटकन हात लावला नाही. दादांनी एक घड उचलला, पुन्हा ठेवला. मामाच म्हणाला, "खा हो दाजी, विष नाही घातलेलं." मी खाल्ली. गोड होती. खाताना मीही हिशेब करत होतेच की फुकट पेटी कोण कुणाला कशासाठी देतं.

व्यापाऱ्यांनी भाऊशेठना धरलं आणि भाऊशेठनी दादांना फोन केला. फोन बाहेरच्या खोलीत होता. आम्ही सगळे आत असूनही ऐकू येत होतं. भाऊशेठ खूश असले की 'साळवे साहेब' म्हणायचे आणि नाराज असले की नुसतं 'साळवे'. त्यांच्या इगतपुरीच्या नव्या शीतगृहाचं काम आम्हाला मिळणार होतं, म्हणून दादा त्या माणसाशी बोलताना उभे राहायचे, फोनवरसुद्धा. त्या दिवशी दादा बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होते, आणि शेवटी म्हणाले, "रविवारी येऊन मीटर बदलून देतो. आणि सुदामला काढतो कामावरून. माझ्या घरात पण ठेवत नाही. सगळ्यांसमोर सांगतो, मग तर झालं?"

मामा माझ्या शेजारी मटार सोलत बसला होता. तो थांबला नाही. आईनं गॅस बंद केला.

दादा आत आले तेव्हा आई म्हणाली, "त्याला विचारलंत का, त्यानं केलंय का?"

"विचारायचं काय त्यात? गिऱ्हाईक म्हणतंय."

"गिऱ्हाईक म्हणेल की बायकोला काढा."

"तुझा भाऊ आहे म्हणून तू बोलतेस."

"तुमचा कामगार आहे म्हणून तुम्ही तरी बोला."

मामा म्हणाला, "अक्का, जाऊ दे." आणि माझ्याकडे वळून, "सुजा, मलाही एक मीटर बसव. किती भाकऱ्या खातो ते बाहेरून दिसेल, म्हणजे घरात भांडणं नकोत." कुणी हसलं नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. ज्याला घरातून आणि कामावरून एकदम काढायचं ठरलंय, तो माणूस चिडला नव्हता. त्यानं "मी नाही केलं" असंही म्हटलं नव्हतं. निर्दोष माणूस एवढा गप्प कसा? आणि दोषी माणूस एवढ्या निवांतपणे मटार कसा सोलेल?

मी दादांना म्हटलं, आधी मीटरं तपासू या. टाँग टेस्टर लावून बघू कुठलं हळू आहे. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखं यंत्र, वायरीभोवती धरलं की तिच्यातून किती करंट जातोय ते दाखवतं. पाच मिनिटांचं काम. दादा म्हणाले, "तपासायचं नाही. ते म्हणतील ते बदलून द्यायचं." जो माणूस स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला तर पूर्ण दार पुन्हा उघडायला लावायचा, तो म्हणत होता तपासायचं नाही. तेव्हापासून मी मामाकडे कमी आणि दादांकडे जास्त बघायला लागले.

रविवारी कॉलनीतल्या विहारातून वंदनेचा आवाज येत होता तेव्हा आम्ही टेम्पोतून निघालो. दादा चालवत होते, मी मध्ये, मामा दाराशी. मांडीवर नवं मीटर खोक्यात. टाँग टेस्टर मी माझ्या पिशवीत टाकलं होतं, विचारलं नव्हतं. ओझर आल्यावर मामानं विचारलं, "दाजी, मला काढल्यावर टेम्पोतून परत आणणार का, एसटीनं यायचं?" दादांनी गिअर बदलला.

शीतगृहाच्या पॅनेलरूममध्ये व्यापारी जमलेच होते. भाऊशेठ पांढऱ्या सफारीत, खुर्चीवर. व्यापाऱ्यांत बोलणारा एकच, नामदेवतात्या, चांदवडकडचे, डोक्याला पंचा. ते मामाला बघून म्हणाले, "ह्योच का? ह्यो तर आमच्याच गावाकडचा निघाला. लाज तरी राखायची, बाबा." मामानं त्यांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं, हे फार होतंय.

दादा सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिले आणि मी पॅनेलसमोर जाऊन पहिल्या कप्प्याला टेस्टर लावलं. दादा म्हणाले, "सुजाता, काय करतेस?" मी म्हटलं, "कुठलं मीटर बदलायचं ते कळायला नको का?" भाऊशेठ मध्ये पडायच्या आत व्यापारी पुढे सरकले होते. प्रत्येकाला आपलं नाही, शेजाऱ्याचं मीटर बघायचं होतं. मी एकेक कप्पा घेतला. टेस्टरचा आकडा आणि मीटरचा आकडा मोठ्यानं वाचायचे. पहिल्याचे जुळले. दुसऱ्याचे जुळले. सगळ्या खोल्यांचे जुळले. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशाच होती. चोर शेजारी निघाला नाही.

तात्या म्हणाले, "मग जातंय कुठं?"

पॅनेलच्या टोकाला आणखी एक कप्पा होता. दारावर पट्टी: स्पेअर. मीटर नाही, मीटरच्या जागी चार स्क्रूंनी बसवलेला कोरा पत्रा, आणि दाराला कुलूप. कुलूप आम्ही दिलेलं नव्हतं. मी शेडमध्ये ड्रॉइंग पाहिलं होतं, त्यात हा कप्पा तसाच होता, स्विच दाखवलेला, मीटर दाखवलेलं नाही. तेव्हा मला ती नुसती नजरचूक वाटली होती. सल्लागार इंजिनिअर घाईत असतात, शेवटचा कप्पा राहून जातो, आपण फोन करून विचारायचं असतं. भाऊशेठ म्हणाले, "ते रिकामं आहे. पुढं वाढवायचं झालं तर." मी खाली वाकून केबलच्या चरावरचं झाकण सरकवलं आणि त्या कप्प्यातून उतरलेल्या केबलवर हात ठेवला. ती कोमट होती. शीतगृहातल्या चरात, जिथे बाकी सगळं गार. मी तात्यांना म्हटलं, "हात लावून बघा, काही होत नाही." त्यांनी लावला आणि काढला नाही.

"भाऊशेठ, रिकामं हाय म्हणता, आन् तापलंय कसं?"

"बाजूच्या केबलनं होत असेल. बाई, तुम्ही आपलं मीटर बदला."

स्विचचा दांडा दाराच्या बाहेर असतो, त्याला कुलूप लागत नाही. मी तो फिरवला. भिंतीमागून इतका वेळ एक घरघर येत होती. पॅनेलरूममध्ये अशी घरघर असतेच म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. ती बंद पडली. थोड्या वेळानं मागच्या दारातून गमबूट घातलेला एक माणूस आला आणि भाऊशेठना म्हणाला, "शेठ, बर्फाची लाइट गेली."

मागे भाऊशेठचा बर्फाचा कारखाना होता. त्याला मंडळाचं वेगळं कनेक्शन आहे असं सगळ्यांना सांगितलेलं होतं, आणि ते होतंही. भिंतीवर मीटर होतं, त्यावर बहुधा चार दिवे चालत असतील. यंत्रं चालत होती व्यापाऱ्यांच्या खोल्यांबरोबर, इथून, मीटर नसलेल्या कप्प्यातून. मामाची सर्व्हिस काय होती तेही कळलं. यंत्रं सुरू होताना हा स्विच पडायचा आणि तो येऊन नीट करून द्यायचा; द्राक्षांची पेटी त्याबद्दलच असणार.

कुलूप उघडावं लागलं. भाऊशेठ आता दादांकडे बघत होते. "साळवे, हे तुमच्या लोकांनी आधी सांगायला पाहिजे होतं. मला विजेतलं काय कळतं? ड्रॉइंगमध्येच मीटर नव्हतं."

"ड्रॉइंगमध्ये नव्हतं," दादा म्हणाले. हे खरंच होतं.

तात्या दाराजवळ गेले. कोरा पत्रा बोटानं वाजवला, मग दाराच्या आतून बघितलं. पत्र्यामागे मीटरच्या मापाचं चौकोनी भोक होतं, कडा घासून, रंगवून गुळगुळीत केलेलं. "ड्रॉइंगमधी नव्हतं, तर ह्ये भोक कशाला पाडलं?"

उत्तर मामानं दिलं. "मी पाडलं, तात्या. चुकून. दुसऱ्या दाराचं माप ह्या दारावर उतरलं, मग वरून पत्रा मारला." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाच पटलं. तात्या मान हलवायला लागले. एकदा संशय असलेल्या माणसावर आणखी एक चूक टाकायला कुणालाच जड जात नाही.

पण मी आत बघत होते. तांब्याच्या प्रत्येक पट्टीभोवती काळं कडं बसवलेलं होतं. मीटरला करंट कळतो तो या कड्यांतून. मीटर बसवायचंच नसेल तर ती कुणी विकत घेऊन बसवत नाही. त्यांच्या वायरी भोकापर्यंत आणलेल्या, टोकं एकमेकींना जोडून सुरक्षित केलेली, आणि सगळा जुडगा मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. आमच्या शेडमध्ये सगळे प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरत. मामाही. दोऱ्यानं वायरी बांधणारे एकटे दादा, जुन्या कारखान्यातली सवय. म्हणजे दादांना ड्रॉइंगमधली उणीव दिसली होती. त्यांनी मीटरची पूर्ण तयारी स्वतःच्या हातानं केली होती. मग कुणीतरी सांगितलं असणार, राहू द्या. आणि त्यांनी राहू दिलं, वर पत्रा मारला. नंतर त्याच पत्र्यामुळे माझ्या मामावर आळ आला, तरी ते काही बोलले नाहीत.

मी म्हटलं, "मामानं नाही पाडलं. ह्या वायरी दादांनी बांधल्यात. मीटरची जागा त्यांनीच ठेवली होती. बसवू नका असं कुणी सांगितलं ते त्यांना विचारा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चूक काढल्यावर इन्स्पेक्टरकडे बघायचे तसं. मग भाऊशेठकडे न बघता म्हणाले, "शेठ म्हणाले, पुढच्या महिन्यात बसवू."

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. माणसं जे बोलायचं ते बोलली. भाऊशेठ मध्येच उठून गेले आणि पुन्हा आले. मी खोकं उघडलं आणि बदलीसाठी आणलेलं मीटर त्या चौकोनात बसवलं. पत्रा काढला, वायरी जोडल्या, मीटर जागच्या जागी घट्ट झाल्यावर जोडून ठेवलेली टोकं सोडवली. स्विच टाकला. भिंतीमागची घरघर सुरू झाली आणि दारावरचे आकडे पेटले. पहिला आकडा सरकेपर्यंत सगळे व्यापारी उभे होते, भाऊशेठसुद्धा. आता मी असली कामं मुलांना सांगते, पण पहिला आकडा सरकेपर्यंत तिथून हलू देत नाही.

निघताना तात्यांनी मामाला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे बाजूला घेऊन काही उपयोग नव्हता. "दर महिन्याला येऊन आमच्यासमोर समदी मीटरं वाचशील का? बर्फवाल्याचं आधी."

"माझ्यावर भरोसा बसला का, तात्या?"

"नाय. तुझ्यावर नायच. पन शेठवर त्याहून नाय. आन् तुझ्यावर आता समद्यांची नजर हाय, तू काय करनार?"

मामाला हे बोलणं मनापासून आवडलं. येताना तो टेम्पोत ते दोनदा म्हणाला आणि हसला. दादा गाडी चालवत होते.

इगतपुरीचं काम गेलं, ते जाणारच होतं. मामाला कामावरून काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दादा त्याच्याशी पूर्वीसारखंच बोलत, पट्टी आण, दार लाव. झाल्या गोष्टीबद्दल मात्र एक अक्षर नाही. मामा रोज वाट बघत होता असं मला वाटतं. आईला तर नक्कीच वाटत होतं. महिना व्हायच्या आत त्यानं पिंपळगावात खोली बघितली. तिथल्या आणखी एका शीतगृहानंही त्याला मीटरं बघायला बोलावलं होतं.

रविवारी सकाळी तो निघाला. सामान थोडंच होतं. आईनं चटणीची बरणी बांधून दिली. दादा ओट्यावर उभे होते.

"दाजी, येतो."

दादांनी मान हलवली. रिक्षा कोपऱ्यावर थांबली होती. मामा बूट घालायला लागला, आणि त्याला बूट घालायला कधी एवढा वेळ लागत नसे.

दादा आईजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्याला राहा म्हण."

आई म्हणाली, "तुम्ही म्हणा."

दादा घरातून मागे शेडमध्ये गेले, आणि आम्हाला ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला. मामानं नाडी बांधली, बरणी उचलली आणि गेला. मी मागे जाऊन बघितलं. शेड रिकामी होती, घासायला एकही पत्रा नव्हता. दादा ग्राइंडर दोन्ही हातांनी हवेत धरून उभे होते आणि तो नुसताच फिरत होता.